तुरुंगाचा खर्च कोणीं सोसावा?

श्रोतेहो, इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत राजे येतात, लढाया येतात, तह येतात. अंदाजपत्रकें मात्र सहसा येत नाहींत. त्यांत आंकडे असतात, आणि आंकड्यांना रुक्ष म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु एखाद्या समाजानें अपराध्याला कसें वागविलें, निरपराध्याचें रक्षण केलें कीं नाहीं, रात्रीच्या वेळीं वाटसरू निर्धास्तपणें चालूं शकत होता कीं नाहीं, हें जाणावयाचें असेल तर कायद्याच्या पुस्तकाबरोबर त्या समाजाची जमाखर्चाची वहीहि उघडून पाहावी लागते. काय व्हावें तें कायदा सांगतो. प्रत्यक्षांत काय होणार तें बहुधा ही वही सांगते.

आज आपणांपुढें मी जो प्रश्न मांडणार आहें तो असा : तुरुंग, पोलीस आणि गुन्हेगारांची सुधारणा यांचा खर्च गांवानें वा जिल्ह्यानें सोसावा, कीं वरच्या सरकारनें? आणि वरच्या सरकारनें स्थानिक संस्थांना मदत करावयाची तर ती कोणत्या रीतीनें करावी? हा प्रश्न अडीचशें वर्षांत निरनिराळ्या देशांनीं निरनिराळ्या तऱ्हेनें सोडवून पाहिला आहे. त्यांपैकीं इंग्लंड, अमेरिका आणि आपली मुंबई येथील कांहीं प्रयत्नांचा वृत्तांत आज सांगतों.

आरंभ इंग्लंडपासून करूं. काउंटी म्हणजे तिकडील जिल्हा. १७७३ सालीं बेडफर्डशायर या काउंटीचे शेरीफ म्हणून जॉन हॉवर्ड यांची नेमणूक झाली. हा मान एका वर्षापुरता असे आणि काउंटीचा तुरुंग नांवाला शेरीफच्या ताब्यांत असे. इतर शेरीफ हें काम हाताखालच्या माणसांवर सोंपवून मोकळे होत. हॉवर्ड स्वतः तुरुंगांत गेले. तेथें त्यांना जें आढळलें तें ऐकून आजहि मन विषण्ण होतें. ज्यांना ज्यूरीनें निर्दोषी ठरविलें होतें, ज्यांच्यावर खटला चालविण्यासारखें कांहीं नाहीं असें ठरलें होतें, किंवा ज्यांचा फिर्यादी कोर्टांत उगवलाच नव्हता, अशीं माणसें कोर्टांतून घरीं न जातां पुन्हा तुरुंगांत नेऊन कोंडलीं जात होतीं. कारण एवढेंच कीं, त्यांनीं तुरुंगाधिकाऱ्याची फी भरलेली नव्हती! बेडफर्डच्या तुरुंगांतून सुटतांना तुरुंगाधिकाऱ्याला १५ शिलिंग ४ पेन्स आणि किल्लीवाल्याला २ शिलिंग द्यावे लागत. त्या काळच्या शेतमजुराची ही सुमारें दोन आठवड्यांची मजुरी झाली. जो कित्येक महिने कच्च्या कैदेंत बसून होता, ज्याची मजुरी बुडाली होती, त्यानें ही रक्कम आणावी कोठून?

तुरुंगाधिकारी दुष्ट होता म्हणून असें घडत होतें, असें समजणें सोपें आहे. हॉवर्ड यांची दृष्टि त्यापलीकडे गेली. तुरुंगाधिकाऱ्याला काउंटीकडून पगारच नव्हता. कैद्यांकडून मिळणारी फी आणि त्यांना विकलेली दारू यांवर त्याचा चरितार्थ चाले. म्हणजे कैदी जितके अधिक तितकी त्याची प्राप्ति अधिक. त्या वेळीं इंग्लंडांत घराच्या खिडक्यांवर कर असे. तुरुंगाच्या खिडक्यांचा हा कर कित्येक ठिकाणीं तुरुंगाधिकाऱ्याला स्वतः भरावा लागे; म्हणून तो खिडक्या बुजवून टाकी. मग आंत हवा नाहीं, उजेड नाहीं, आणि त्या कोंदट अंधारांत 'तुरुंगाचा ताप' या नांवानें ओळखला जाणारा सांथीचा ज्वर पसरे. हा ताप तुरुंगाच्या भिंतींआड राहत नसे. १७५० सालीं लंडनच्या ओल्ड बेली कोर्टांत कैद्यांबरोबर तो आला आणि लंडनचे लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश व इतर अनेक जण त्याला बळी पडले. खिडकीच्या कराचे चार पैसे वांचविले, आणि त्याची किंमत न्यायासनावर बसलेल्यांनीं प्राण देऊन चुकविली.

हॉवर्ड यांनीं काउंटीच्या मॅजिस्ट्रेटांपुढें साधी मागणी मांडली : फी बंद करावी व तिच्याऐवजीं तुरुंगाधिकाऱ्याला काउंटीच्या निधींतून पगार द्यावा. मॅजिस्ट्रेट मंडळी सहृदय होती. अन्याय त्यांना पटला. परंतु असा खर्च काउंटीवर टाकल्याचा पूर्वीचा एखादा दाखला त्यांना हवा होता. तो शोधण्यासाठीं हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या काउंट्यांत गेले. दाखला मिळाला नाहीं. तोच अन्याय मात्र जेथें तेथें आढळला. अशा रीतीनें जमाखर्चाच्या एका प्रश्नावरून सुरू झालेली त्यांची ही यात्रा आयुष्यभर संपली नाहीं. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांच्या स्थितीवरील त्यांचा ग्रंथ १७७७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १७९० सालीं रशियाच्या साम्राज्यांतील खेरसन येथें, अशाच दौऱ्यावर असतां, ज्वरानें त्यांचा अंत झाला.

१७७४ सालीं हॉवर्ड यांची साक्ष पार्लमेंटनें घेतली आणि त्याच वर्षीं दोन कायदे झाले. निर्दोषी ठरलेल्यांना तात्काळ सोडावें व त्यांच्या फीऐवजीं ठराविक मर्यादेपर्यंतची रक्कम काउंटीच्या खजिन्यांतून द्यावी, असा एक कायदा. तुरुंगाच्या भिंतींना दर वर्षीं चुना लावावा, हवा खेळती ठेवावी, आजाऱ्यांसाठीं वेगळ्या खोल्या असाव्या, वैद्य नेमावा, असा दुसरा. दोन्ही कायद्यांच्या प्रती हॉवर्ड यांनीं पदरमोड करून छापविल्या आणि तुरुंगाधिकाऱ्यांकडे धाडून दिल्या.

आतां या कायद्यांचें मर्म ध्यानांत घ्या. निर्दोषी माणसाला सोडावें हें तत्त्व नवीन नव्हतें. नवीन होती ती पैशाची तरतूद. तत्त्व शतकानुशतकें पुस्तकांत होतें. तरतूद होतांच तें तुरुंगाच्या दारापर्यंत पोंचलें. पण एक उणीव राहिली. काउंटीनें खर्च करावा असें ठरलें. न केल्यास विचारणारा कोणी नव्हता. हॉवर्ड पुढच्या फेऱ्यांत गेले तेव्हां कित्येक तुरुंगांत कायद्याची प्रत टांगलेली नव्हती आणि भिंतींना चुनाहि लागलेला नव्हता. तुरुंगांतील फी समूळ बंद होण्यास १८१५ सालचा कायदा यावा लागला, आणि तुरुंगांवर सरकारी निरीक्षक नेमले जाण्यास १८३५ साल उजाडावें लागलें.

तुरुंगांकडून आपण पोलिसांकडे वळूं. १८२९ सालीं रॉबर्ट पील यांनीं लंडनमध्यें नवें पोलीस दल उभारलें. खेड्यापाड्यांसाठीं तसेंच दल असावें म्हणून १८३९ सालीं कायदा झाला. पण तो ऐच्छिक होता. ज्या काउंटीला वाटेल तिनें पोलीस ठेवावे आणि खर्च आपल्या पट्टींतून भागवावा, असा त्याचा आशय. ऐच्छिक कायद्याचें जें व्हावयाचें तेंच झालें. पुढच्या सुमारें सतरा वर्षांत जवळजवळ निम्म्या काउंट्यांनीं दल उभारलें. उरलेल्यांनीं हात आंखडता घेतला. पट्टी भरणारांचें म्हणणें सरळ होतें. चोरी झाली तर ज्याच्या घरीं झाली त्याचें नुकसान. पोलीस ठेवले तर सगळ्यांच्या माथ्यावर कर. चोर मात्र काउंटीची सीमा मानीत नव्हते. एका काउंटीनें बंदोबस्त केला कीं ते शेजारच्या काउंटींत जात. म्हणजे खर्च करणाऱ्याच्या दक्षतेचा त्रास खर्च न करणाऱ्याला, आणि न करणाऱ्याच्या कंजूषपणाचा उपद्रव पुन्हा करणाऱ्याला!

१८५६ सालच्या कायद्यानें ही कोंडी फोडली. पोलीस दल ठेवणें सक्तीचें झालें. पण नुसती सक्ति करून सरकार स्वस्थ बसलें नाहीं. निरीक्षक नेमण्यांत आले. त्यांनीं दर वर्षीं प्रत्येक दल पाहावें. दल कार्यक्षम आहे असा दाखला दिला कीं पगार व गणवेश यांच्या खर्चाचा चौथा हिस्सा मध्यवर्ती खजिन्यांतून त्या काउंटीला वा शहराला मिळावा, अशी योजना होती. पांच हजारांहून कमी वस्तीचें एखादें गांव आपलें वेगळें इवलेंसें दल ठेवील तर त्याला ही मदत नाहीं, अशीहि अट घातली. हेतु हा कीं लहान गांवांनीं काउंटीच्या दलांत सामील व्हावें. निरीक्षकाची लुडबूड नको म्हणून शहरांनीं आरंभीं पुष्कळ आरडाओरड केली. परंतु अनुदान हातचें सोडावयाला कोण तयार होतो? हळूहळू दलें सुधारत गेलीं, आणि १८७४ सालीं सरकारनें आपला हिस्सा चौथ्यावरून अर्ध्यावर नेला.

कारभार स्थानिकांचा, मदत सरकारची, आणि मधें एक परीक्षक, अशी ही व्यवस्था झाली. मी शाळेंत जन्म घालविला असल्यामुळें मला ही रीत ओळखीची वाटते. आपल्याकडील खासगी शाळांचें अनुदान आणि इन्स्पेक्टरांची तपासणी हीं याच जातीचीं. तींतील गुण मी जाणतों आणि दोषहि जाणतों. निरीक्षक काय मोजतो इकडे सर्वांचें लक्ष लागतें. इंग्लंडांतील अनुदान शिपायांच्या पगारावर आणि गणवेशावर होतें. त्यामुळें शिपायांची संख्या, त्यांची कवाईत, त्यांचे कोट यांत सुधारणा झाली. गुन्हा घडूंच नये म्हणून जें जें करावें लागतें, अंधाऱ्या गल्लींतला दिवा, उनाड मुलांची सोय, सुटलेल्या कैद्याला काम, त्याला या अनुदानांत जागा नव्हती. ज्या बाबीला मदत मिळते ती बाब वाढते, हा अंदाजपत्रकाचा नियम येथें प्रथम स्पष्ट दिसतो.

तुरुंगांच्या बाबतींत मात्र इंग्लंडनें याहून वेगळी वाट धरली. एका काउंटीचा तुरुंग कडक, दुसरीचा सैल. एका ठिकाणीं शेंकडों कैदी, दुसरीकडे इतके थोडे कीं पहारेकरी पोसणेंहि परवडूं नये. शिवाय पट्टीचा भार हलका करण्याचें आश्वासन डिझरायली यांच्या सरकारनें जमीनदार मंडळींना दिलें होतें. तेव्हां १८७७ सालीं कायदा करून सर्व स्थानिक तुरुंग सरकारनें आपल्याकडे घेतले. १ एप्रिल १८७८ पासून ते एका मध्यवर्ती मंडळाच्या हवालीं झाले. सर एडमंड ड्यू केन हे या मंडळाचे प्रमुख होते. शंभरांहून अधिक तुरुंगांपैकीं पुष्कळसे लहान तुरुंग लवकरच बंद करण्यांत आले, खर्चांत शिस्त आली, आणि सर्वत्र एकसारखे नियम लागू झाले.

पण एकसारखेपणा म्हणजे न्याय नव्हे. सर्वत्र तेंच निःसत्त्व अन्न, तीच एकांतवासाची कोठडी, तेंच निरर्थक कष्टाचें चक्र. पूर्वी मॅजिस्ट्रेट आपल्या गांवच्या तुरुंगाचा मालक असे. एखादा कंजूष असे, पण एखादा हॉवर्डसारखाहि निघे. आतां भेट देणाऱ्या मंडळींच्या हातीं फारसा अधिकार उरला नाहीं. लंडनच्या कचेरींत बसून उंटावरून शेळ्या हांकणें सुरू झालें. १८९५ सालीं हर्बर्ट ग्लॅडस्टन यांच्या समितीनें या पद्धतीवर कडक टीका केली, ड्यू केन त्याच वर्षीं निवृत्त झाले, आणि १८९८ सालच्या कायद्यानें सुधारणेला पुन्हा वाट मिळाली. खर्चाचा भार वर गेला, त्याबरोबर स्थानिक माणसाची नजरहि वर गेली आणि तेथें ती हरवली, असें या वीस वर्षांचें सार आहे.

आतां अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेंत जाऊं. बोस्टन शहरांत जॉन ऑगस्टस नांवाचा एक जोडे तयार करणारा गृहस्थ होता. १८४१ सालीं तो पोलीस कोर्टांत बसला असतां एका दारुड्याला समोर उभें करण्यांत आलें. ऑगस्टसनें त्याच्याशीं दोन शब्द बोलून पाहिले, त्याचा जामीन घेतला आणि कांहीं आठवड्यांनीं त्याला शुद्धीवर आलेल्या, नीटनेटक्या स्थितींत कोर्टापुढें आणलें. न्यायाधीशानें नाममात्र दंड करून त्याला सोडलें. त्यानंतर सुमारें अठरा वर्षें, १८५९ सालीं मृत्यु येईपर्यंत, ऑगस्टस हें काम करीत राहिला. ज्याला आज आपण 'प्रोबेशन' म्हणतों, म्हणजे अपराध्याला तुरुंगांत न धाडतां देखरेखीखालीं समाजांतच सुधारण्याची संधि देणें, त्याचा पाया या चर्मकारानें घातला.

त्याला विरोध कोणाचा झाला? कांहीं अंशीं कोर्टाच्या नोकरांचाच. माणूस तुरुंगांत पोंचविला कीं त्या नोकरांना दर कैद्यामागें फी मिळे. ऑगस्टसनें जामीन घेतला कीं ती फी बुडे. पाहा, बेडफर्डचा तोच रोग सत्तर वर्षांनीं महासागरापलीकडे! ऑगस्टसचें काम मात्र स्वतःच्या व देणगीदारांच्या पैशांवर चालत होतें. एका सत्पुरुषाच्या पदरमोडीवर चाललेलें काम त्याच्या हयातीपुरतें असतें. १८७८ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें कायदा करून बोस्टनच्या मेयरला पगारी प्रोबेशन अधिकारी नेमण्याचा अधिकार दिला, तेव्हां कोठें त्या दयेला शहराच्या अंदाजपत्रकांत कायमचें स्थान मिळालें.

परंतु प्रोबेशनची ही सोय काउंटीच्या खर्चानें, आणि मोठा तुरुंग राज्याच्या खर्चानें, अशी विभागणी अमेरिकेंतील अनेक राज्यांत झाली, आणि त्यांतून एक विचित्र गणित निर्माण झालें. कॅलिफोर्निया राज्याचें उदाहरण घ्या. तेथें ५८ काउंट्या आहेत. काउंटीच्या न्यायाधीशानें एखाद्या तरुणाला प्रोबेशनवर ठेवलें, तर त्याच्या देखरेखीचा खर्च काउंटीवर. त्यालाच राज्याच्या तुरुंगांत धाडलें, तर काउंटीला एक छदामहि पडत नसे. सगळा भार राज्यावर. म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! वास्तविक तुरुंग हा उपाय कितीतरी पट महाग. पण शिक्षा ठरविणाऱ्याच्या वहींत तो फुकट दिसत होता. अशा स्थितींत काउंटीनें चांगले प्रोबेशन अधिकारी नेमावे, त्यांच्यावरचा कामाचा बोजा कमी करावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

१९६५ सालीं कॅलिफोर्नियानें हें गणित उलटें केलें. राज्यानें काउंट्यांना सांगितलें : पूर्वी तुम्ही आमच्याकडे जितक्या प्रमाणांत माणसें धाडीत होतां, त्याहून कमी धाडलींत, तर कमी झालेल्या प्रत्येक माणसामागें आम्ही तुम्हांला ४,००० डॉलरपर्यंत देऊं, मात्र तो पैसा चांगल्या देखरेखीवरच खर्च झाला पाहिजे. १९६६ सालीं ही योजना सुरू झाली. राज्याचा फायदा उघड होता, कारण कैदी पोसणें आणि नवे तुरुंग बांधणें याहून हें स्वस्त होतें. काउंट्यांचाहि फायदा होता, कारण ज्या कामासाठीं त्यांच्याजवळ कधीं पैसा नव्हता तें आतां करतां येत होतें. राज्याकडे जाणाऱ्यांची संख्या घटली आणि योजिलेलीं कांहीं नवीं बांधकामें लांबणीवर टाकण्यांत आलीं.

मग ही योजना चिरंजीव कां झाली नाहीं? दोन कारणें सांगतां येतात, आणि दोन्ही बोधप्रद आहेत. पहिलें असें कीं, चार हजार डॉलर हा आंकडा कायद्यांत जो एकदां लिहिला तो तसाच राहिला. महागाई वाढली, पगार वाढले. मदत वाढली नाहीं. १९६६ सालीं जी रक्कम भरघोस होती ती दहा वर्षांनीं तुटपुंजी झाली. दुसरें असें कीं, पैसा प्रोबेशन खात्याला मिळाला. पण जीं माणसें गांवांतच राहिलीं त्यांचा भार पोलिसांवर आणि स्थानिक तुरुंगांवरहि पडला होता. पोलिसांनीं तक्रार केली कीं काम आमचें वाढलें आणि मदत दुसऱ्याला मिळाली. अखेर १९७८ सालीं ही योजना जाऊन दुसरी आली. पुढें कॅलिफोर्नियाचे तुरुंग इतके भरले कीं २०११ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला गर्दी कमी करण्याचा आदेश कायम करावा लागला, आणि त्याच वर्षीं राज्यानें सौम्य गुन्ह्यांच्या कैद्यांची जबाबदारी, सोबत पैसा देऊन, पुन्हा काउंट्यांकडे सोंपविली. तत्पूर्वीं २००९ सालीं, प्रोबेशनवरील माणूस पुन्हा तुरुंगांत जाणार नाहीं अशी व्यवस्था करणाऱ्या काउंटीला वांचलेल्या पैशांतला वांटा द्यावा, असाहि कायदा झाला होता. चव्वेचाळीस वर्षांनीं जुनाच विचार नव्या रूपानें परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां आपल्या घरचा इतिहास. एके काळीं आपल्याकडील नगरपालिकांनाहि पोलिसांच्या खर्चाचा वांटा उचलावा लागे. हुकूम मात्र सरकारचा चाले. १८८२ सालच्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावांत या विसंगतीवर बोट ठेवलेलें आहे. ज्या खात्यावर नगरपालिकेचा ताबा नाहीं त्याचा खर्च तिच्यावरून काढावा आणि त्याऐवजीं शिक्षण, औषधोपचार यांसारखीं लोकांच्या जिव्हाळ्याचीं कामें तिच्याकडे द्यावीं, असें त्यांत धोरण होतें. मुंबई शहरांत हा वाद आणखी बरींच वर्षें चालला. पैसा देणारा एक, शिपाई हलविणारा दुसरा. मग हिशोबाची भांडणें व्हावयाचींच. १९०७ सालीं कायदा करून त्याचा निकाल लावण्यांत आला. पोलिसांचा खर्च सरकारनें घेतला, आणि त्याच्या मोबदल्यांत प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार महानगरपालिकेनें उचलला. मुंबईतील गरिबांच्या मुलांना ज्या नगरपालिकेच्या शाळांनीं अक्षरओळख दिली, त्यांच्या जमाखर्चामागें पोलिसांच्या खर्चाची ही अदलाबदल आहे, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. एका शाळामास्तराला हा सौदा वाईट झाला असें कसें वाटावें? शाळाहि सुरक्षिततेचें एक साधनच आहे. तरीहि त्या दिवसापासून पोलीस आणि तुरुंग हे नगरपालिकेच्या सभेंत चर्चिले जाण्याचे विषय उरले नाहींत, हेंहि खरें.

लहान सत्तेनें थोड्या पैशांत काय करतां येतें याचें उदाहरणहि महाराष्ट्रांतच आहे. औंध हें लहानसें संस्थान. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं, मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनियराच्या साहाय्यानें, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत स्थापिली. कैद्यांनीं भिंतींवांचून राहावें, शेती करावी, आणि पुढें बायकामुलांसह संसार करावा, अशी ती कल्पना. उंच भिंती नाहींत म्हणजे त्या बांधण्याचा खर्चहि नाहीं. कैदी शेत पिकवितो म्हणजे तो निव्वळ बसून खाणारा नाहीं. १९५७ सालच्या व्ही. शांताराम यांच्या 'दो आंखें बारह हाथ' या बोलपटाची प्रेरणा याच प्रयोगांत होती. संस्थान विलीन झालें, पण वसाहत नाहींशी झाली नाहीं. ती पुढें राज्याच्या तुरुंग खात्याकडे आली.

आपल्या राज्यघटनेनें पोलीस आणि तुरुंग हे दोन्ही विषय राज्यांकडे सोंपविले आहेत. १९९२ सालच्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांकडे देण्याजोग्या कामांची जी यादी केली, तींत रस्त्यावरचे दिवे आहेत, झोपडपट्ट्यांची सुधारणा आहे, बागा व क्रीडांगणें आहेत, पोलीस नाहींत. म्हणून कोणी म्हणेल कीं या चर्चेशीं आपला नागरिक म्हणून काय संबंध? संबंध आहे. २०२२ सालच्या अखेरीस भारताच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांत तीन माणसांचा अपराध अद्याप शाबीत व्हावयाचा होता. त्यांतील कित्येकांना जामीन मंजूर होऊनहि जामिनाची रक्कम भरतां येत नाहीं म्हणून ते आंत असतात. २०२३ सालीं केंद्र सरकारनें गरीब कैद्यांसाठीं योजना केली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठीं ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठीं २५,००० रुपयांपर्यंत मदत तींत ठेविली होती. मदत कोणाला द्यावयाची तें जिल्ह्याच्या समितीनें ठरवावें, असा नियम होता. पैसा होता, पण त्याचा उपयोग करा, अशी आठवण राज्यांना पुन्हा द्यावी लागली.

श्रोतेहो, हॉवर्ड बेडफर्डच्या मॅजिस्ट्रेटांपुढें उभे राहिले त्यास आज अडीचशें वर्षें होऊन गेलीं, आणि तरी प्रश्न तोच आहे. पैसा नाहीं म्हणून आंत असलेल्या माणसाचे पैसे कोणीं भरावे? न भरले तर त्याला आंत पोसण्याचा खर्च आपणच भरतों, आणि तो अधिक असतो. पण तो वेगळ्या खात्यांत, वेगळ्या पानावर पडतो म्हणून दिसत नाहीं.

या इतिहासांतून मला तीन गोष्टी निष्पन्न होतांना दिसतात. जो निर्णय घेतो त्याच्या वहींत त्या निर्णयाचा खर्च दिसला पाहिजे. तो दुसऱ्याच्या वहींत लिहिला गेला कीं निष्काळजीपणा येतो. वरच्या सरकारनें मदत द्यावी, पण काम पाहून द्यावी, आणि काम पाहतांना शिपाई किती व कोठड्या किती एवढेंच न मोजतां किती माणसें पुन्हा वाममार्गाला लागलीं नाहींत हेंहि मोजावें. आणि खर्च वर गेला तरी नजर खालीं, गांवांत, राहिली पाहिजे.

ही तिसरी गोष्ट सरकारच्या हातची नाहीं; ती तुमच्याआमच्या हातची आहे. नगरपालिकेचें अंदाजपत्रक दर वर्षीं सादर होतें. राज्याचेंहि होतें. वर्तमानपत्रांत आपण त्यांतले कर तेवढे वाचतों आणि पान उलटतों. यापुढें एखाद्या वर्षीं पान उलटण्यापूर्वीं अंधाऱ्या रस्त्यांवरच्या दिव्यांना किती, मुलांच्या शाळांना आणि क्रीडांगणांना किती, गरिबांच्या वकिलाला किती, आणि नव्या तुरुंगांच्या भिंतींना किती, एवढे चार आंकडे शेजारींशेजारीं लिहून पाहावे. आपल्या समाजाला सुरक्षितता कोणत्या मार्गानें हवी आहे, हें त्या चार आंकड्यांवरून कळेल. आणि तें पटलें नाहीं तर तसें आपल्या प्रतिनिधीला विचारण्याचा अधिकार घटनेनें आपल्याला दिलेला आहे.